प्रश्न दवाखान्याने विचारावा, पहारा बाईने का द्यावा?

"आज किती घेतलीत?" हा प्रश्न नवी मुंबईत रोज रात्री किती तरी घरांत विचारला जातो. दिघ्याच्या चाळीत, तुर्भे स्टोअरच्या झोपडीत, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत आणि नेरुळच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही. विचारणारी असते बाई. उत्तर म्हणून तिला कधी थाप ऐकायला मिळते, कधी शिवी, कधी थप्पड. हाच प्रश्न मार न खाता, आवाज न चढवता विचारता येईल अशी एक जागा आपल्या शहरात आहे, ती म्हणजे दवाखाना. आणि नेमका तिथेच तो बहुतेक वेळा विचारला जात नाही. विचारलाच तर अशा रीतीने, की न विचारलेला बरा.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. दारूचा आणि नशेचा प्रश्न दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला, बाई असो की पुरुष, विचारला गेलाच पाहिजे. पण तो उपचाराचा प्रश्न म्हणून, चौकशीचा म्हणून नव्हे. आणि उत्तर मिळाल्यावर त्याचे ओझे पुन्हा घरातल्या बाईच्या डोक्यावर ठेवून दवाखान्याने हात झटकायचे नाहीत.

न विचारण्याची किंमत

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात कुणाचा पाय मोडतो, एपीएमसीत कुणाच्या अंगावर गोणी पडते, पाम बीच रस्त्यावर मोटारसायकल घसरते. माणूस रुग्णालयात भरती होतो. रक्त, लघवी, एक्स-रे, सगळे तपासले जाते. हा रोज पितो का, किती पितो, हे मात्र केसपेपरवर येत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत त्याला भ्रम होऊ शकतो. नसलेली माणसे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात. वेळेवर औषध मिळाले नाही तर यात जीवही जातो. औषध काही दुर्मिळ नाही. डायझेपामसारख्या गोळ्या आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने, एवढ्यावर बहुतेकांचे निभावते. पण भरती होताना कोणी विचारलेलेच नसते. मग तिसऱ्या रात्री 'पेशंट वेड्यासारखा करतो' म्हणून त्याचे हातपाय पलंगाला बांधले जातात आणि बायकोला बोलावून दटावले जाते, "तुम्ही आधी का नाही सांगितले?"

पाहा, न विचारणारे डॉक्टर, पिणारा तो आणि गुन्हेगार ठरली ही!

क्षयरोगाचेही तेच. आयसोनियाझिड, पायराझिनामाइड ही औषधे मुळातच यकृतावर ताण आणतात. त्यात दारू असली की कावीळ होण्याचा धोका वाढतो, गोळ्या चुकतात, रोग उलटतो. ज्याला गोळ्या सुरू करायच्या त्याला दारूबद्दल आधी विचारणे हा औषधाचाच भाग आहे, नीतीचा उपदेश नव्हे. रक्तदाब, जठराचे दुखणे, फिट, पुन्हा पुन्हा होणारे अपघात, झोप न लागणे, यांतल्या कितीतरी तक्रारींच्या मुळाशी बाटली असते. ती दिसत नाही, कारण कोणी पाहत नाही.

अर्जातला एक प्रश्न

"आम्ही विचारतो ना," असे आरोग्य खाते म्हणेल. खरे आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक फॉर्म आशा कार्यकर्तीने भरायचा असतो. त्यात वय, तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार यांच्या ओळीत दारूचाही एक प्रश्न आहे. तो असा, की तुम्ही रोज दारू पिता का? 'हो' म्हटले की एक गुण, 'नाही' म्हटले की शून्य.

आता हा प्रश्न कोण विचारते? शहरी वस्तीत दोनशे ते पाचशे घरे सांभाळणारी, मानधनावर राबणारी आशाताई. कुठे विचारते? दारात, सासू, दीर, शेजारीण ऐकत असताना. आणि विचारते काय? 'रोज'! जो फक्त पगाराच्या दिवशी पितो आणि त्या दोन दिवसांत घर डोक्यावर घेतो, तो या फॉर्ममध्ये निर्व्यसनी ठरतो. मारहाणीच्या रात्री पंचांगात रोज येत नाहीत, म्हणून काय त्या मोजायच्या नाहीत?

याहून बरी प्रश्नावली जगात नाही असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या दवाखान्यांत अभ्यास करून दहा प्रश्नांची 'ऑडिट' ही प्रश्नावली तयार केली, तिला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. किती वेळा पिता, एका बैठकीला किती, थांबता येते का, सकाळी उठल्याउठल्या लागते का, अशी ती हळूहळू आत शिरते. चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण आले, की सावध व्हायचे. त्यातले पहिले तीनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ कळते आणि त्याला एक-दोन मिनिटे पुरतात. ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरांना वेळ नसतो हे आम्हालाही दिसते. पण हे प्रश्न सिस्टर विचारू शकते, समुपदेशक विचारू शकतो.

अट एवढीच की प्रश्न आपल्या भाषेत हवेत. या प्रश्नावलीतले 'एक ड्रिंक' म्हणजे साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडे हिशेब चालतो नाइंटीत आणि क्वार्टरमध्ये. एकशे ऐंशी मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये अशी सुमारे सहा ड्रिंक होतात. "एका वेळी सहा किंवा जास्त ड्रिंक कधी घेता का?" असा त्या प्रश्नावलीतला तिसरा प्रश्न आहे, धोका ओळखण्यासाठी ठेवलेला. म्हणजे "मी काय, एक क्वार्टरच घेतो" असे सहज सांगणारा आपला माणूस ती खूण रोज ओलांडत असतो. त्याला 'ड्रिंक' मोजायला लावले तर तो दोनच सांगेल आणि तोही खोटे बोलत नसेल.

आणखी एक गोष्ट बायकांनी या प्रश्नावलीत पाहण्यासारखी आहे. दहापैकी शेवटच्या दोन प्रश्नांतच काय ती दुसरी माणसे येतात. तुमच्या पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला इजा झाली का, आणि नातेवाइकाने, मित्राने वा डॉक्टरने काळजी बोलून दाखवली का. जी रोज त्या पिण्यासोबत राहते ती या कागदावर 'दुसरे कुणी' आहे. प्रश्नावली पिणाऱ्यासाठी आहे, हे मान्य. मग सोसणारीसाठी दवाखान्यात कोणता कागद आहे?

"बायका कुठे पितात?"

हे वाक्य आपण किती डॉक्टरांच्या तोंडून ऐकले असेल! बाई समोर बसली की तो प्रश्न गाळलाच जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रात दारू पिणाऱ्या पुरुषांचे प्रमाण १३.९ टक्के आणि बायकांचे ०.४ टक्के आले. त्याच पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या बायका १०.९ टक्के आहेत. मिशरीला घरात मान्यता आहे, म्हणून मिशरी सांगितली जाते. दारूला बाईच्या बाबतीत बदनामी आहे, म्हणून ती लपवली जाते. पितात त्या बायका पुरुषांहून पुष्कळ कमी आहेत, यात शंका नाही. पण ज्या आहेत त्या आकड्यातही दिसत नाहीत आणि दवाखान्यातही.

शरीर मात्र लपवत नाही. बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातले प्रमाण जास्त चढते आणि यकृत लवकर खराब होते. कचरा वेचताना घाण वास सहन व्हावा म्हणून घोटभर घेणारी, बारमध्ये गिऱ्हाइकासोबत घ्यावी लागणारी, आयटीतल्या पार्टीत 'मॉडर्न' ठरण्यासाठी घेणारी, आणि नवऱ्याने जबरदस्तीने पाजलेली, या सगळ्यांना आपण एकाच शब्दात 'तसली' म्हणून मोकळे होतो. ज्या बाईला हा शब्द माहीत आहे ती डॉक्टरांना खरे का सांगेल?

आणि नशा फक्त बाटलीतच असते असे कोणी सांगितले? कितीतरी बायकांच्या पर्समध्ये झोपेच्या गोळ्यांची पट्टी असते. नवरा मारतो, झोप लागत नाही, म्हणून ती डॉक्टरकडे जाते. डॉक्टर "टेन्शन घेऊ नका" म्हणतात आणि अल्प्राझोलाम लिहून देतात. महिन्यासाठी सुरू झालेली गोळी वर्षे चालते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन ही औषधे २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि दुकानदाराने नोंद ठेवायची. पण चिठ्ठीच दवाखान्याने दिलेली असेल तर? मार लागलेल्या बाईला गोळी देऊन गप्प बसवणे यालाही आम्ही नशाच म्हणतो. ती दवाखान्याने लावलेली नशा आहे.

दारू हे कारण, सबब नव्हे

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आपल्याकडे येणारी प्रत्येक दुसरी-तिसरी बाई म्हणते, "तसा तो चांगला आहे हो, दारू प्यायला की मारतो." आकडेही तिच्या बाजूने काही सांगतात. त्याच पाहणीत, ज्यांचे नवरे वरचेवर झिंगलेले असतात अशा ७० टक्के बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा भोगल्याचे सांगितले. पण दुसरा आकडाही वाचू या. ज्यांचे नवरे दारूला शिवतही नाहीत, अशांपैकीही २३ टक्के बायका तेच सांगतात. त्यांच्या नवऱ्यांनी कोणती सबब सांगायची?

शेजारच्या गोव्यात याचा एक चांगला प्रयोग झाला. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या पुरुषांना 'ऑडिट'चे प्रश्न विचारून, धोकादायक पिणाऱ्या ३७७ जणांना निवडले. त्यांतल्या निम्म्यांना डॉक्टरांनी नव्हे तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तीन महिन्यांनंतर, आधीचे दोन आठवडे दारूला न शिवलेले पुरुष बैठका मिळालेल्यांत ४२ टक्के होते, न मिळालेल्यांत १८ टक्के. हे यश लहान नाही. मोठे रुग्णालय नको, तज्ज्ञांची फौज नको, विचारले आणि बसून बोलले तर दारू सुटू शकते, हे त्यातून दिसले. पण त्याच अभ्यासात हेही दिसले, की जोडीदारावरच्या हिंसेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बाटली खाली ठेवलेला हात आपोआप मऊ होत नाही. म्हणून दवाखान्याने नवऱ्याला दारूबद्दल विचारले की बायकोचा प्रश्न सुटला, असे कोणी समजू नये. तिला तिचा प्रश्न वेगळा, एकटीला विचारायला हवा: "तुला घरात भीती वाटते का? कोणी मारते का?"

आज होते ते उलटेच. तिला विचारतात, पण त्याच्याबद्दल! "तो किती पितो? लक्ष ठेवा. गोळ्या तुम्ही द्या." हार्बर लाईनच्या डब्यातही 'न कळत दारू सोडवा' अशी जाहिरात तिच्याकडेच पाहत असते. जेवणातून, चहातून चोरून गोळ्या देण्याचा हा धंदा घातकी आहे. डायसल्फिरामवर माणूस दारू प्यायला, तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, हृदयावर बेतू शकते. ते औषध ज्याला द्यायचे त्याला सांगून, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचे असते. आणि त्याला कळले की चहात काय होते, तर त्या रात्री तिचे काय होईल? नर्स ती, पहारेकरी ती, खबरी ती आणि मार खाणारीही तीच. पगार मात्र शून्य!

विचारा, पण फौजदार होऊ नका

प्रश्न विचारायला हवा म्हणताना आम्हाला त्याचा धोकाही दिसतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू पिणे आजही गुन्हा आहे. आरोग्यविम्याच्या बहुतेक पॉलिसींत व्यसनावरचे उपचार आणि व्यसनाचे परिणाम वगळणारे कलम असते. मग केसपेपरवर 'दारू पितो' लिहिले जाईल या भीतीने माणूस खोटे बोलला तर नवल काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू-ड्रग्जच्या अतिवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजार मानले आहे, रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखा विमा मिळावा असे म्हटले आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून वाचवणारे ६४-अ हे कलम आहे. कायद्याचा हा हात कायद्याच्या दुसऱ्या हाताला माहीतच नसावा, असा कारभार आहे.

बाईच्या बाबतीत तर केसपेपरवरचा एक शब्द आयुष्यभर पुरतो. बलात्काराची तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या कागदावर 'दारूचा वास' असे दोन शब्द पडले, की उलटतपासणीत त्यांचे काय होईल हे सांगायला वकील लागत नाही.

दवाखाना फौजदार झाला की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. चार्ल्स्टन शहरात १९८९ पासून एका सार्वजनिक रुग्णालयात गरोदर बायकांची लघवी कोकेनसाठी तपासून निकाल पोलिसांना दिला जाई. काही बायकांना बाळंत झाल्यावर लगेच अटक झाली. अटक झालेल्या जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय होत्या. दहाजणी कोर्टात गेल्या आणि २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, संमतीविना अशी तपासणी करून पोलिसांना देणे घटनाबाह्य ठरवले. तपासणी 'बाळाच्या भल्यासाठी' होती असे तेव्हा सांगितले जात होते. पण पोलिसांच्या भीतीने बाई दवाखान्याकडे पाठ फिरवते, तेव्हा बाळाचे कोणते भले होते? आपल्या वस्तीतल्या गरोदर बाईला आधीच बाळंतपणाच्या टेबलावर शिव्या खाव्या लागतात. तिच्या लघवीच्या बाटलीवर पोलिसांची नजर नको.

विचारणे शिकवता येते

"हे सगळे आपल्याकडे कसे जमणार?" असे म्हणणाऱ्यांना खाडीपलीकडे पाहायला सांगावे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. सरकारी रुग्णालयातच, ओपीडीच्या वावरात, हिंसा सोसणाऱ्या बाईसाठी एक खोली. 'पडले', 'भाजले', 'ढेकणाचे औषध चुकून प्यायले' या उत्तरांमागे काय असते, ते ओळखायला तिथल्या सिस्टर आणि डॉक्टर शिकले. प्रश्न नवऱ्यासमोर न विचारता बाजूला घेऊन विचारायला शिकले. पुढे हीच पद्धत मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही गेली. मारहाणीबद्दल विचारणे शिकवता येते, तर दारूबद्दल का नाही?

काही मैत्रिणी म्हणतील, दुकानेच बंद करा, म्हणजे विचारायची वेळच येणार नाही. आडव्या बाटलीसाठी बायकांनी केलेली मतदाने ही आपल्या चळवळीची कमाई आहे. २००८ च्या नियमाने महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मत दिले तर दुकान बंद होते, हे बळ सोडायचे नाही. पण चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, हेही आपण पाहिले. सरकार येते-जाते, दुकान बंद होते-उघडते. ज्याला व्यसन लागले आहे तो मधल्या काळात कुठे जातो? मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, मागे राहिल्या त्यांच्या बायका. दुकान बंद करण्याची लढाई रस्त्यावरची आहे, विचारण्याची लढाई दवाखान्यातली. दोन्ही आपल्याच आहेत.

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला काही ना काही उपचार मिळतो. उरलेल्या सदतीस जणांचा उपचार कोण करते? उत्तर आपल्याला माहीत आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात प्रत्येक प्रौढ रुग्णाला दारू, तंबाखू, गोळ्या यांबद्दल त्याच शब्दांत विचारावे. कपडे, जात, वस्ती पाहून नव्हे.

२. प्रश्न एकट्याला विचारावा. नवरा, सासू, रांगेतली माणसे यांच्या देखत नाही. आधी सांगावे की उत्तर उपचारासाठी आहे आणि न देण्याचाही हक्क आहे.

३. उत्तर पोलीस, मालक आणि विमा कंपनी यांच्या हाती रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय जाऊ नये.

४. बाईला तिच्यावरच्या हिंसेबद्दल स्वतंत्रपणे विचारावे आणि 'दिलासा'सारखी खोली प्रत्येक पालिका रुग्णालयात असावी. नवऱ्याच्या उपचाराची जबाबदारी तिच्यावर टाकू नये.

५. विचारून सोडून देऊ नये. प्रत्येक केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक हवा आणि दारू तोडताना भरती होण्यासाठी खाटा हव्यात, बायकांसाठी वेगळ्या. मुक्तांगणने पुण्यात 'निशिगंध' हा स्त्रियांचा विभाग चालवून दाखवला, पालिकेला का जमू नये?

६. हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारू नये. प्रशिक्षण द्यावे, मोबदला द्यावा.

मैत्रिणींनो, वस्त्यांमध्ये महिला आरोग्य समित्या आहेत, त्यांच्या बैठकी होतात. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आपल्या केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, की तुमच्या केसपेपरवर हा प्रश्न आहे का, तो कुणाला विचारता, आणि उत्तर आल्यावर पुढे काय करता? वर्षानुवर्षे आपण घरात प्रश्न विचारून मार खाल्ला. आता तो प्रश्न ज्यांना पगार मिळतो, ज्यांच्याकडे औषध आहे, त्यांनी विचारावा. आणि त्यांनी तो नीट विचारला की नाही, हे विचारायला आपण जाऊ.